पास घरी, टीसी पुलावर

बडोदा-आणंद मेमू लोकलने रोजचं अपडाउन, त्यामुळे मंथली पास असतोच, पण परवा पाकीट बदललं आणि पास जुन्यातच राहिला, नेमका आणंदला पुलावर टीसी उभा. म्हटलं साहेब पास आहे हो, घरी आहे. तर म्हणे, "घरनो पास घरे चाले, भाई." भाडं अधिक २५० रुपये, रेल्वे कायदा १९८९, कलम १३८. जाम चिडचिड झाली, पण चूक माझीच ना! बाजूला एक कॉलेजचा पोरगा टीसी बघून घाईघाईत मोबाइलवर तिकीट काढत होता, अरे बाबा, आता काय उपयोग! आता आई रोज दारातून ओरडते, "डबा, चावी, पास?"