अ‍ॅबट्सफर्ड: न लिहिलेल्या कादंबऱ्यांवर बांधलेलं घर

एडिनबर्गच्या मुख्य रेल्वे स्टेशनला एका कादंबरीचं नाव आहे, 'वेव्हर्ली'. १८१४ साली ती निघाली तेव्हा तिच्यावर लेखकाचं नाव नव्हतं. याच स्टेशनातून ट्वीडबँकची गाडी धरायची आणि ती कादंबरी लिहिणाऱ्या सर वॉल्टर स्कॉटच्या अ‍ॅबट्सफर्ड या घरी जायचं. गाडी साधारण तासाभरात पोचवते. हा मार्ग १९६९ मध्ये बंद पडला होता. ट्वीडबँकपर्यंतचा तुकडा २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. नकाशात गॅलाशील्स मोठं गाव दिसतं म्हणून लोक तिथे उतरतात आणि मग बस शोधत बसतात. तसं करू नका. शेवटच्या स्टेशनापर्यंत जा. तिथून पाट्या बघत वीस-पंचवीस मिनिटं चाललं की घर येतं. हिवाळ्यात काही काळ घर बंद असतं, त्यामुळे तारखा पाहूनच तिकीट काढा.

१८११ मध्ये स्कॉटने ट्वीड नदीकाठचं हे शेत विकत घेतलं तेव्हा ते सुमारे ११० एकरांचं होतं. पुढे शेजारच्या जमिनी घेत घेत त्याने ते १४०० एकरांच्या आसपास नेलं. पायाने तो अधू होता. लहानपणी पोलिओ झाला होता, उजवा पाय गेला तो कायमचा. तरी काठी टेकत किंवा घोड्यावरून स्वतः हिंडून त्याने झाडं लावून घेतली. घराभोवतीची राई बघताना हे ध्यानात ठेवा, कारण बहुतेक प्रवासी थेट आत धावतात.

आत शिरल्यावर पहिला दिवाणखाना चिलखतांचा. भिंतीवरचं लाकडी आवरण डनफर्मलिन गावच्या जुन्या चर्चमधून आणलेलं. छत मात्र नीट निरखा: लाकडाचं वाटणारं बरंचसं काम प्लास्टरचं आहे, वर लाकडाच्या रेषा रंगवल्या आहेत. खरा जुना तुकडा आणि त्याच्याभोवती नवं, पण जुनं भासणारं बांधकाम, ही या घराची रीत. स्कॉटच्या कादंबरीचीही तीच रीत आहे. मधोमध एक काल्पनिक, जरा मवाळ नायक आणि राजे-सेनापती कडेकडेने. हरिभाऊ आपट्यांचं 'उषःकाल' वाचलेल्याला ही मांडणी नवी वाटणार नाही.

वस्तू आणि कादंबरी यांचा धागा सर्वांत स्पष्ट दिसतो तो बाहेरच्या भिंतीत. एडिनबर्गचा टोलबूथ तुरुंग १८१७ मध्ये पाडला. स्कॉटने त्याचा दरवाजा आणून आपल्या भिंतीत बसवला. दरवाजा जमिनीपासून उंचावर आहे, त्यामुळे मान वर केली नाही तर हुकतो. पुढच्याच वर्षी 'द हार्ट ऑफ मिडलोदियन' निघाली, ती याच तुरुंगाभोवती घडते. शस्त्रांच्या खोलीत रॉब रॉय या स्कॉटिश बंडखोराची लांब बंदूक आहे. वॉटर्लूची लढाई झाल्यावर दोनेक महिन्यांत स्कॉट रणभूमीवर पोचला होता आणि तिथूनही त्याने चिलखतं आणली. छंद म्हणून हे महागडं प्रकरण होतं. जोसेफ ट्रेन नावाचा अबकारी अधिकारी त्याला फिरतीवर असताना लोककथा आणि जुन्या चीजवस्तू गोळा करून पाठवायचा. अभ्यासिकेतली स्कॉटिश वीर वॉलेसच्या नावाची खुर्ची ही या ट्रेनचीच देणगी.

या अभ्यासिकेत सर्वांत जास्त वेळ काढा. वरच्या सज्जातून एक छोटा दरवाजा त्याच्या झोपायच्या खोलीकडे जातो. पहाटे पाचला उठायचं, कुणाला चाहूल न लागता खाली उतरायचं आणि न्याहारीपर्यंत दिवसाचं बहुतेक लेखन उरकायचं. नंतर पाहुण्यांबरोबर दिवसभर शिकार, गप्पा, रानात फेरफटका. हा माणूस लिहितो कधी, असा प्रश्न पाहुण्यांना पडायचा. 'वेव्हर्ली' आणि पुढच्या कादंबऱ्यांचा लेखक आपणच, हे त्याने १८२७ पर्यंत जाहीर कबूल केलं नव्हतं.

दुसरं गुपित महागात पडलं. जेम्स बॅलंटाइनच्या छापखान्यात स्कॉट छुपा भागीदार होता. प्रकाशक कॉन्स्टेबल त्याला अजून न लिहिलेल्या कादंबऱ्यांपोटी मुदतीच्या हुंड्या द्यायचा आणि त्या बँकेत वटवून जमीन, झाडं, चिलखतं यायची. बदल्यात छापखाना तेवढ्याच रकमेच्या उलट हुंड्या तारण म्हणून लिहून द्यायचा. कॉन्स्टेबल अडचणीत आला तेव्हा त्याने त्याही वटवल्या, म्हणजे एकच देणं दोनदा अंगावर आलं. जानेवारी १८२६ मध्ये कॉन्स्टेबलची पुस्तकं विकणारी लंडनची हर्स्ट रॉबिन्सन कंपनी बुडाली, तिच्यामागे कॉन्स्टेबल, त्याच्यामागे छापखाना. भागीदाराची जबाबदारी अमर्याद, म्हणून स्कॉटच्या डोक्यावर सव्वा लाख पौंडांच्या घरात कर्ज. अ‍ॅबट्सफर्ड वाचलं ते वर्षभर आधी मुलाच्या लग्नात त्याच्या नावे करून दिलं होतं म्हणून. दिवाळं न काढता स्कॉट उरलेलं आयुष्य लिहून कर्ज फेडत राहिला. १८३० मध्ये धनकोंनी ग्रंथसंग्रह आणि वस्तू त्याला परत दिल्या. १८३२ मध्ये तो इथल्याच जेवणघरात, नदीकडच्या खिडकीशी वारला.

या घाईच्या काळातलीच 'द सर्जन्स डॉटर' (१८२७). तिचा शेवट हैदर आणि टिपूच्या म्हैसुरात होतो. स्कॉट हिंदुस्थानात कधी आला नाही. तिकडे नोकरी केलेल्या शेजारी कर्नल फर्ग्युसनकडून त्याने माहिती घेतली. मला ही त्याची कच्ची कादंबरी वाटते. स्कॉटलंडच्या गल्लीबोळांत तो जसा वावरतो, तसा म्हैसूरच्या दरबारात वावरत नाही.

त्याची कबर ड्रायबर्ग मठात आहे. बस दारापर्यंत जात नाही: सेंट बॉझवेल्सला उतरून ट्वीडवरचा पायपूल ओलांडावा लागतो, म्हणून अ‍ॅबट्सफर्ड आणि ड्रायबर्ग एकाच दिवशी करायचं तर सकाळची गाडी हवी. ईल्डन टेकड्यांची तीन शिखरं जिथून दिसतात तो 'स्कॉट्स व्ह्यू' मोटारीशिवाय जमवणं कठीण. जवळचं मेलरोज गाव मात्र पायी सहज होतं.

जाण्याआधी एकच कादंबरी वाचणार असाल तर 'आयव्हॅन्हो' नको, ती इंग्लंडमध्ये घडते आणि या घराशी तिचा संबंध पातळ आहे. 'द हार्ट ऑफ मिडलोदियन' घ्या. 'वेव्हर्ली'ची सुरुवातीची प्रकरणं फार रेंगाळतात. ती चाळून नायक स्कॉटलंडात पोचतो तिथून वाचायला लागलात तरी चालेल.