गिरगावातली उसनी सुखं

गिरगावात जायचं म्हणजे चर्नी रोडला उतरायचं, हे इतकी वर्षं गृहीतच होतं. या खेपेला लेक हटून बसली, मेट्रोनेच जायचं. मग दहिसरहून गुंदवली, तिथून पुलावरून चालत दुसरी मेट्रो, मरोळ नाक्याला ती सोडून जमिनीखाली तिसरी. लोकलने याच्या निम्म्या खटाटोपात पोचलो असतो, हे मी मरोळला एकदा आणि उतरल्यावर एकदा बोलून दाखवलं. पण खरं सांगायचं तर डब्यातल्या पाटीवर ‘गिरगाव’ उमटलं तेव्हा छाती जरा फुगली. रेल्वेने आमच्या भागाला चर्नी रोड दिलं, ग्रँट रोड दिलं, मरीन लाइन्स दिलं, गिरगाव काही दिलं नाही. ते ऑक्टोबर २०२५ मध्ये ही भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावायला लागली तेव्हा मिळालं.

सरकत्या जिन्यांवरून वर आलो तर जगन्नाथ शंकरशेट रस्ता. या मेट्रोसाठी रस्त्यालगतच्या काही जुन्या इमारती गेल्या. त्यामुळे मान वर न करताही आभाळ दिसत होतं. गिरगावात इतकं आभाळ दिसणं माझ्या तरी डोळ्यांना पटत नाही.

लेकीला सगळं ‘एरिया’ म्हणून बघायचं होतं. तिला म्हटलं, गिरगावाला एरिया नसतो, वाड्या असतात. फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, झावबावाडी, गायवाडी. नावं ऐकून ती म्हणाली, “बाबा, ही भाजीची यादी आहे का?” झावबावाडी आणि गायवाडी वगळता तिचं चूक म्हणता येत नाही. एके काळी इथे खरोखरच बागायती होत्या. पुढे मुंबई वाढली, कोकणातून, देशावरून माणसं नोकरीला आली आणि वाड्यांतून झाडांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. एक जिना, एक लांब गॅलरी, गॅलरीला लागून ओळीने बिऱ्हाडं, टोकाला नळ आणि संडास. आमचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसरं. आई, बाबा, आजी, आम्ही तीन भावंडं आणि गावाहून आलेला कोणी ना कोणी.

मला या गल्ल्यांतून फिरताना पहिल्यांदा नीट कळलं की लहानपणीची माझी निम्मी-अधिक सुखं आमच्या मालकीची नव्हतीच. टीव्ही दोन नंबरच्या काकूंचा. मुंबईत दूरदर्शन १९७२ साली आलं, आमच्या मजल्यावर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तोही त्यांच्याकडेच. शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी. काकू संध्याकाळीच पलंग उभा करून भिंतीला लावायच्या, सतरंजी टाकायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. पुढे पोरं, मागे बायका, दाराशी पुरुष अर्धे आत अर्धे बाहेर. पुरुषांना पिक्चर बघायचा नसायचा, ते फक्त उभे असायचे, शेवटपर्यंत. मध्येच चित्र हललं की गच्चीवर कोणी तरी अँटेना फिरवायला पळायचं आणि खालून “आलं, आलं, गेलं, पुन्हा फिरव” असं सुरू व्हायचं. कोणी कोणाचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. काकूंच्या घरी पाहुणे आले की त्यांच्यासाठी दूध मात्र आमच्याकडून जायचं.

दूध आरेचं. कार्ड असायचं, आणि केंद्र उघडायच्या आधी तिथे रांग लागायची, पण माणसांची नाही. दगड, पिशवी, फुटकी बाटली, चपलेचा एक पाय, असं काहीही ठेवून लोक पुन्हा घरी येऊन पडायचे. केंद्र उघडलं की ज्याचा दगड तो पुढे. भांडणं व्हायची ती नंबरावरून नाही, दगडावरून. बाटलीच्या तोंडावर पातळ चांदीसारखं झाकण. अंगठ्याने ते मध्यभागी दाबलं की आत चिकटलेली साय वर यायची. ती चाटायचा हक्क ज्याने पहाटे उठून रांग लावली त्याचा. माझा धाकटा भाऊ बाकी कशालाही उठत नसे.

खोताच्या वाडीत शिरलो तेव्हा लेकीने मोबाइल काढला तो ठेवलाच नाही. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ही वाडी ओळखली जाते. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी घरं, बाहेरून जिना, पुढे ओटी, उतरती कौलं, रंग पिवळा नाही तर निळा. आता त्यातली बरीच गेली, उरलेल्यांवर डोळा ठेवून उंच इमारती उभ्या आहेत. आम्ही शाळेतून येताना मुद्दाम इथून यायचो, दोन कारणांनी. नाताळात घराघरांत गव्हाणी मांडलेल्या असायच्या आणि त्या बघायला कोणी हटकत नसे. आणि वाडीत आयडियल वेफर्स होतं.

त्या दुकानापुढे उभं राहायला पैसे पडत नसत. किसणीवरून बटाट्याचे काप थेट कढईत पडत. पडल्या पडल्या तेलावर पांढरा फेस यायचा, आवाज मोठा व्हायचा, मग हळूहळू बारीक होत जायचा. आवाज थांबत आला की झाऱ्या आत. तळणारा माणूस कढईकडे बघतच नसे, गप्पा मारत असे, कान तिकडे. झाऱ्याने वेफर्स चाळणीत पडले की वरून मीठ. तुटका चुरा कधी तरी कागदात बांधून आमच्या हातावर ठेवला जायचा. लेकीला हे सगळं सांगत होतो तर ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही फुकटे होता.” होतो. पुऱ्या गिरगावात सगळ्यांनी एकमेकांकडे फुकटेपणा केला, हिशेब कोणी ठेवला नाही.

वासांचंही तसंच. बेडेकरांनी १९१० साली गिरगावातच छोटं दुकान काढून सुरुवात केली. उन्हाळ्यात त्या बाजूने गेलं की मसाल्याच्या वासाने शिंक यायची आणि शिंकून झाल्यावर भूक लागायची. पणशीकरांकडचं पियुष मात्र विकतचं, म्हणून क्वचितच. एका पेल्यात दोघं, आणि पहिला घोट कोणाचा यावर घरापर्यंत वाद. आता मी अख्खा पेला एकट्याने पितो. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्यापासून तोही अर्धाच.

ठाकूरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाल्ली. नाव हेल्थ होम आणि खायला मिसळ, यावर लेक हसली. आमच्या घरात हॉटेलात जाणं म्हणजे पाहुणे आले तर किंवा निकाल लागला तर. त्यामुळे चव कशी होती यापेक्षा कोण कोण बरोबर होतं तेच जास्त लक्षात आहे, आणि म्हणून ‘पूर्वीसारखी चव राहिली नाही’ असं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मला तरी पूर्वीची चव आठवत नाही. मिसळ झणझणीत होती, पाव ताजा होता, एवढं खरं.

सिनेमाच्या बाबतीत गिरगावकर जरा जास्तच तोऱ्यात असतात, पण त्याला आधार आहे. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट १९१३ साली इथल्याच कोरोनेशनमध्ये लागला आणि देशातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकला. मॅजेस्टिकच्या जागी आता शॉपिंग सेंटर आहे. आमच्या पिढीच्या वाट्याला सेंट्रल आलं, मराठी पिक्चरचं. तिकिटाचे पैसे नसले तरी बाहेर काचेच्या चौकटीत लावलेले फोटो बघता यायचे. दहा-बारा फोटोंवरून आम्ही अख्खी गोष्ट रचायचो. पुढे कधी खरा पिक्चर बघायला मिळाला की आमची गोष्ट बरी होती असं वाटायचं.

नाटकाचं त्याहून सोपं. केळेवाडीत साहित्य संघ मंदिर. मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना १९३५ची, आणि नाट्यगृहाला डॉ. अ. ना. भालेरावांचं नाव. आमचा एक मित्र तिथून जवळच राहायचा. त्याच्या गॅलरीत अभ्यासाला बसलं की प्रयोग सुटल्यावर बाहेर पडलेली माणसं दिसायची, आणि नाटक चाललं की पडलं हे आम्हाला त्यांच्या चालण्यावरून कळायचं. चाललेलं असलं तर माणसं घोळक्याने उभी राहत, हातवारे करत. पडलेलं असलं तर भराभरा चर्नी रोडकडे.

केशवजी नाईकांच्या चाळीत थांबलो. इथला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३चा, मुंबईतला पहिला. लोकमान्य १९०१ साली इथे येऊन गेले. लेकीची अपेक्षा काही तरी भव्य असेल अशी, पण इथला गणपती लहानसा, शाडूचा, आणि चाळीने तो वाढू दिलेला नाही. या गोष्टीचं मला फार कौतुक आहे. पुढच्या रस्त्यांवरून अनंत चतुर्दशीला वीस-वीस फुटी मूर्ती चौपाटीकडे जातात. त्या दिवशी हिशेब उलटा व्हायचा. वर्षभर आम्ही दुसऱ्याच्या दारात. त्या दिवशी आमच्या गॅलरीत परळचे, दादरचे, डोंबिवलीचे नातेवाईक. ज्यांची नावं आईला धड माहीत नसत असे लोकही कठड्याला रेलून उभे. आई दिवसभर पोहे आणि चहा. ती मिरवणूक तिने कधी पाहिली का, हे मी तिला मोठा झाल्यावर विचारलं. म्हणाली, “आवाज यायचा की.”

इथे एक सांगून टाकतो. चाळीत किती मजा होती हे लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, मीही त्यातलाच. पाणी पहाटे चारला यायचं. ते भरायला आई उठायची, आम्ही नाही. रात्रीच्या वेळी गॅलरीच्या टोकापर्यंत जाताना कोणाला तरी सोबत न्यावं लागायचं ते बायकांना. बाळंतीण, आजारी म्हातारी, परीक्षेची मुलगी, सगळं त्या दहा बाय बाराच्या खोलीत. दहिसरचं घर घेतलं तेव्हा बाबा हळहळत होते. आईने नव्या मोरीचा नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. या सहलीलाही चल म्हटलं तर तिने चष्मा पुसत “तुम्ही जाऊन या” एवढंच सांगितलं.

चौपाटीवर फार वेळ काढला नाही, ऊन होतं. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले ती जागा आणि पुतळा दाखवला, भेळ घेतली. भेळवाल्याने कैरी जास्त घातली म्हणून मी खूश, लेकीने तोंड वाकडं केलं. आणि मग आमच्या जुन्या चाळीत आलो, कारण दोन नंबरच्या काकूंना भेटल्याशिवाय जाणं शक्यच नव्हतं.

जिन्याची पायरी मधोमध झिजून खोलगट झालेली, ती तशीच. कठड्याच्या लाकडाला लोखंडी टेकू आले आहेत. काकू नव्वदीच्या घरात, कान तेज. पायरीवरच्या आवाजावरून त्यांनी “कोण, सहा नंबर?” असं विचारलं. लेकीचं नाव, शिक्षण, पगार आणि लग्न या क्रमाने चौकशी झाली. पुनर्विकासाची सगळी माहिती त्यांना तोंडपाठ होती: किती जणांच्या सह्या झाल्या, कोण अडून बसलंय, भाडं किती देणार. टॉवर झाला तर कितवा मजला हवा, असं लेकीने विचारलं.

“पहिला,” काकू म्हणाल्या. “वरून मिरवणूक बघायची तर माणसांची डोकी दिसतात नुसती. आणि गॅलरी नसणार म्हणे. मग उभं कुठे राहायचं?” मुलगा आतून म्हणाला, “आई, खिडकी असणार.” “खिडकीत किती जणं मावतात रे?”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, यंदा चतुर्दशीला सगळ्यांनी इथेच या, पुढल्या वर्षी आम्ही कुठे भाड्याने असू सांगता येत नाही. आईलाही आण, तिला म्हणावं पोहे मी करणार, तिने नुसतं खुर्चीवर बसायचं, कठड्याला लागून. आणि येताना आयडियलचे वेफर्स आण, पण केळ्याचे नको, बटाट्याचे. पातळ असले की तोंडात विरघळतात, दातांची गरज पडत नाही.