स्कॅन झालं, तरी रिळं कशाला ठेवता?

"स्कॅन झालंय ना सगळं? मग ती सिनेमांची रिळं आता कशाला ठेवलीत?"

हे मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय, भाच्याने विचारलंय, आणि ज्या पोरांना मी स्कॅनिंग शिकवलं त्यांनीही विचारलंय. घरी तर हा विषय दर पावसाळ्यात निघतो. कोल्हापूरचा पाऊस एकदा बसला की माळ्यावरून व्हिनेगरचा वास खाली उतरायला लागतो आणि आल्यागेल्याला वाटतं, घरात लोणचं नासलंय. आजवर मी "बघू, काढतो एकदा" म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही आता पाचव्यांदा विचारलंत, म्हणून लिहितो.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो, म्हणजे मला काही कळत नाही असं वाटायला नको. ॲसिटेटची फिल्म, म्हणजे जुन्या सिनेमांचं ते प्लॅस्टिक, दमट हवेत सडते. सडताना ॲसिटिक ॲसिड सोडते आणि त्याच ॲसिडने आणखी जोरात सडते. एकदा वास सुटला की ती मागे फिरत नाही. आकसते, वेडीवाकडी होते, शेवटी इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, सुटून येतं. शेजारच्या चांगल्या डब्यालाही त्या वाफा बऱ्या नाहीत. थंड, कोरड्या खोलीत हे सगळं मंदावतं. माझ्याकडे थंड खोली नाही, बेडरूमवरचा माळा आहे. रंगीत प्रिंटांची तर गोष्टच नको. निळा-हिरवा उडून गेलाय आणि नायक, नायिका, बैल, आभाळ सगळे गुलाबी झालेत.

तेव्हा "ठेवून काय होणार?" हा प्रश्न बिनतोड आहे. 2013 साली मी स्वतःच तो लोकांना ऐकवायचो. त्या वेळी तंबूत सिनेमा दाखवणारे तंबूवाले भराभर प्रोजेक्टर मोडीत काढत होते, प्रिंटा किलोवर निघत होत्या, आणि मी जिथे तिथे सांगत फिरायचो की सिनेमा म्हणजे चित्र, प्लॅस्टिक नव्हे. चित्र उचललं की झालं. वाक्य चांगलं होतं. टाळ्याही पडायच्या.

त्या वर्षी एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या मालकाकडून मला एका मराठी चित्रपटाची 16 एमएमची (16 मिलिमीटर रुंद फिल्मची) प्रिंट मिळाली. नाव लिहीत नाही, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही ते शोधत बसाल आणि मला फोन कराल. काळीपांढरी, तमाशाची गोष्ट, तीन मोठी रिळं. जत्रेच्या धुळीत इतक्या वेळा फिरलेली की पडद्यावर चित्र कमी आणि उभा पाऊसच जास्त. पण होती. दुसरी प्रिंट मी आजतागायत पाहिलेली नाही.

आधी आवाज घ्यायचा ठरवला. शाळेतून बाद झालेला एक प्रोजेक्टर माझ्याकडे होता. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला (घरात तेवढी एकच लांब खोली), स्पीकरसमोर माइक ठेवला आणि रीळ सोडलं. दुसऱ्या रिळात लावणी आहे. तिच्या मध्यावर आकसलेली फिल्म प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, भिंगामागच्या फटीत, अडकली आणि टरटर करत कडेची भोकं फाटली. फाटका तुकडा कापला, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून सांधा मारला, लावणी पुन्हा पहिल्यापासून लावली. या वेळी फिल्म नीट गेली. फक्त ढोलकीचा तुकडा सुरू झाला तेव्हा गॅसवरच्या कुकरने शिट्टी दिली. एक, मग दुसरी, तिसरी. मी हाताने गॅस बंद करायला गेलो आणि खुर्चीला धडकलो, तेही रेकॉर्ड झालंय.

तिसऱ्यांदा फिल्म त्या प्रोजेक्टरवर चढवायची हिंमत झाली नाही. म्हटलं, आवाजाचं नंतर बघू.

मग चित्र. स्कॅनर घरचाच: दोन रिवाइंडर, एक मोटर, मागून एलईडी, पुढे कॅमेरा. भोकांत अडकणारे दात नाहीत, त्यामुळे भोकं फाटायची भीती नाही. स्कॅनर सेकंदाला दोन फ्रेम, म्हणजे दोन सुटी चित्रं, घेतो. दोन तासांच्या सिनेमात 1 लाख 72 हजार 800 फ्रेम असतात. हिशेब करा, सलग चोवीस तास भरतात. मला तीन आठवडे लागले, कारण नोकरी होती. आणि इथे मी शहाणपणा केला. फिल्मची पूर्ण रुंदी रॉ फाईलमध्ये, काही न गाळता, घेतली असती तर साडेतीन टेराबाईट झालं असतं. माझ्याकडे डिस्क एक टेराबाईटची. म्हणून कमी जागा खाणारं जेपीईजी ठेवलं, आणि कॅमेरा पुढे सरकवून नुसती चित्राची चौकट धरली. एका बाजूची भोकं बाहेर, दुसऱ्या बाजूची साउंडची पट्टी, जिच्यावर आवाज छापलेला असतो ती, बाहेर. जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी ती. बघायला काय असतं तिच्यात? वेडीवाकडी पांढरी नागमोड.

स्कॅन झाल्यावर तीन रिळं गॅलरीत ठेवली. वरच्या मजल्यावरून तक्रार आली. आईला वासाने मळमळायचं. एका रविवारी भंगारवाला आला. त्याने फिल्म आणि लोखंडी चकत्या वेगळ्या तोलल्या, सगळं मिळून सात किलोच्या आसपास भरलं. फिल्म खाली जाताना मी वरून बघत होतो आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. गॅलरी रिकामी झाली याचंच समाधान होतं.

सहा वर्षांनी साताऱ्याकडचे एक गृहस्थ घरी आले. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं की तो सिनेमा माझ्याकडे आहे. त्यांचे वडील त्या लावणीत ढोलकीला बसलेत. नुसते बसलेले दाखवायचे म्हणून नव्हे, ढोलकी वाजवलीयही त्यांनीच. घरात त्यांचा एक फोटो होता, वाजवण्याचं रेकॉर्डिंग एकही नव्हतं.

मी लावणी लावली. वडील दिसल्याबरोबर ते खुर्चीच्या कडेला सरकले. पुन्हा लावायला सांगितली. मोबाईलवर सेकंद मोजले. "अकरा सेकंद दिसत्यात आमचे दादा," म्हणाले. मग हेडफोन मागितला. मी दिला. नाही म्हणायला कारण काय सांगणार होतो?

"सर, ही मधी शिट्टी कसली वाजतीया?"

मी म्हणालो, "जुनी प्रिंट आहे ना, खराब झालीय."

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. प्रिंट खराब नव्हती हो. म्हणजे होती, पण ढोलकी तिच्यात स्वच्छ होती. कुकर माझा होता. ते बिचारे म्हणाले, "चालतंय की. दिसले, हेच काय कमी आहे?" चहा घेतला, फाईल पेनड्राइव्हवर घेतली, गेले.

त्याच सुमारास मला कळलं की साउंडच्या पट्टीचं नुसतं चित्र दिलं तरी त्यातून आवाज काढून देणारं सॉफ्टवेअर आलंय. प्रोजेक्टर नको, माइक नको, स्वयंपाकघर नको. फक्त स्कॅनमध्ये पट्टी हवी. ती पांढरी नागमोड. मी जागा वाचवायला चौकटीबाहेर ठेवलेली.

तुम्ही म्हणाल, मग आता पूर्ण रुंदीने स्कॅन करा आणि रिळं काढून टाका. करतो पूर्ण रुंदीने, कडेचे फिल्म कंपनीचे आकडेसुद्धा येतात. पण 2013 मध्येही मला वाटलं होतं की घेण्यासारखं सगळं घेतलंय. आज काय चौकटीबाहेर राहतंय हे मला आज कसं दिसणार? यावर भाचा म्हणतो, असं म्हटलं तर माणूस काहीच टाकणार नाही. बरोबर आहे त्याचं. माझ्या माळ्याकडे बघितलं की जास्तच बरोबर वाटतं.

"आर्काइव्हला द्या" हेही ऐकतो. पुण्याचं आर्काइव्ह, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, 1964 पासून आहे, आणि देण्यासारखं सापडलं की द्यावंच. पण 2003 च्या जानेवारीत तिथल्या नायट्रेटच्या, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, साठ्याला आग लागली होती. एकाच ठिकाणी सगळं ठेवलं की निर्धास्त व्हावं, असं त्यानंतर वाटत नाही. आणि डिस्क? ती 2013 ची डिस्क 2017 ला बसली. कॉपी होती म्हणून वाचलो. माळ्यावरचं सर्वात जुनं रीळ साठीच्या पुढचं आहे आणि वास मारत का होईना, अजून उजेडासमोर धरलं की दिसतं. "टाका की यूट्यूबवर, तिथे कायम राहील" म्हणणाऱ्यांना एवढंच: कॉपीराइट 60 वर्षांचा असतो, आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं कायम म्हणजे किती, ते मला माहीत नाही.

हे सगळं लिहूनही माझी बाजू पक्की होत नाही, हे मला दिसतंय. व्हिनेगर लागलेले चार डबे आता गॅलरीत वेगळे ठेवलेत. ते मरणारच आहेत. बायको म्हणते, तुला सिनेमा ठेवायचा नाहीये, तुला त्या एका दिवसाची भरपाई करायचीय. असेल.

गेल्या दिवाळीत आवराआवरी करताना सिमेंटच्या बाटलीखाली एक पाकीट सापडलं. सांधे मारताना कापलेले तुकडे मी त्यात टाकायचो. त्यात एक होता काळापांढरा, 31 फ्रेमचा, एका बाजूची भोकं फाटलेली. चित्रात नुसते चाळ बांधलेले पाय. पण पलीकडची पट्टी शाबूत. 16 एमएमवर आवाज चित्राच्या 26 फ्रेम पुढे छापलेला असतो, म्हणजे पट्टीवर त्या पायांचा आवाज नाही, एका सेकंदानंतर जे दिसणार त्याचा आहे. जुनं स्कॅन काढून बघितलं. त्या सांध्यानंतर सेकंदाभरात ते ढोलकीवाले दादा दिसतात.

तुकडा पूर्ण रुंदीने स्कॅन केला, सॉफ्टवेअरला दिला. सव्वा सेकंद आवाज आला. एक जोरकस ठोका आहे, त्यामागे दोन हलके. ढोलकी असेल. पण तुकड्यावर एका जागी तंबूवाल्याने कधी तरी मारलेला जुना सांधाही आहे, आणि सांधा गेला की असाच धप्प आवाज येतो. रोज एकदा ऐकतो. साताऱ्याला अजून पाठवलेला नाही.