आजच्यापुरती दया

गेले अकरा महिने माझ्या आईचे डायलिसिस सुरू आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही नवापूरहून सकाळच्या गाडीने नंदुरबारला जातो. तेथे चार तास तिचे रक्त यंत्रातून फिरून शुद्ध होते आणि घरी परतेपर्यंत ते पुन्हा अशुद्ध होऊ लागलेले असते. सुरुवातीला मी याच विचाराने खचलो होतो, कारण जे पुढच्या आठवड्यापर्यंतही पुरत नाही, त्याच्या आधारावर आशा कशी धरावी, हे मला उमगत नव्हते.

अशाच एका मंगळवारी खांडबारा मागे पडल्यावर आईने मला बायबलमधील विलापगीत या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचून दाखवायला सांगितले. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, त्या नाशावरचा हा शोक आहे. मूळ हिब्रूत या अध्यायाची ६६ वचने वर्णमालेच्या २२ अक्षरांवर बांधलेली आहेत, प्रत्येक अक्षराला तीन. हा शोक करणारा मनुष्य एकही अक्षर न गाळता रडला आहे. देवाने आपले दात खड्यांनी मोडले, आपली प्रार्थना अडवली, तो अस्वलासारखा दबा धरून बसला, अशी तक्रार तो करतो आणि त्याच श्वासात म्हणतो की परमेश्वराची करुणा खंडत नाही, ती रोज सकाळी नवी होते. हे वचन मी लहानपणापासून कॅलेंडरवर पाहत आलो होतो, पण त्याआधीची वीस वचने कॅलेंडरवर कोणी छापत नाही. त्या सकाळी ती सलग वाचताना माझ्या लक्षात आले की तो हे म्हणाला तेव्हा शहर पडलेलेच होते, आणि पुस्तक संपते तेव्हाही ते उभे राहिलेले नाही. येथे 'करुणा' या अर्थाने आलेला 'रहमीम' हा शब्द 'रेहेम', म्हणजे गर्भाशय, या शब्दाशी नाते सांगतो, हे मला आमच्या पाळकांनी पूर्वी सांगितले होते. समोर आई बसलेली असताना ते पहिल्यांदा कळले.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आढळला; भारतातील ती पहिलीच नोंद होती. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या आणि वडील ज्या शेडवर मजुरी करत, ती ओस पडली. त्या दिवसांत आई रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि मगच स्टीलच्या एका छोट्या पेल्याने डब्यातले पीठ मोजून परातीत घ्यायची, माणशी एक पेला. मी एकदा विचारले, "उद्याचं काय?" ती म्हणाली, "उद्याचं उद्या मागू. आजचं दिलंय ना त्यानं?"

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात रानातील इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, असाच रोजच्या रोज मिळतो, माणशी एक ओमेर या मापाने. शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, सहाव्या दिवशी दुप्पट मिळत असे, तेवढा अपवाद वगळता कोणी तो सकाळपर्यंत राखून ठेवला तर त्यात किडे पडत. पूर्वी मला यात देवाचा हात आखडता दिसायचा. आता वाटते की साठा हाती आला असता, तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याकडे वळण्याचे कारणच आपल्याला उरले नसते. आईचा आजार बरा होईल, असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. मी त्यासाठी प्रार्थना करतोच. पण आजच्या दिवसाची दया मागण्यासाठी त्या उत्तराची वाट पाहत बसत नाही.

डॉक्टरांनी आता तिच्या पाण्यावर मर्यादा घातली आहे, म्हणून दिवसाचे पाणी ती सकाळीच मोजून बाटलीत भरते. माप म्हणून तोच पेला आहे, कड थोडी चेपलेला. आज शुक्रवार. तिने पाणी मोजले, बाटलीचे झाकण लावले, डोक्यावर पदर घेतला आणि प्रार्थना झाल्यावर पहिला घोट घेतला. गाडीला अजून अर्धा तास आहे.