शेवटचं कोण?

स्पेनमधल्या सालामांकात आल्यावर पहिल्याच शनिवारी मी मेर्कादो सेंत्राल नावाच्या मंडईत भाजी घ्यायला गेले आणि पंचवीस मिनिटं उभी राहून रिकाम्या हातांनी परत आले. गाळ्यासमोर रांगच नव्हती. सात-आठ बायका इकडेतिकडे उभ्या, दोघी पाठ फिरवून गप्पा मारतायत, एक शेजारची मासळी न्याहाळतेय. मी आपली सगळ्यांच्या मागे, शहाण्यासारखी. माझ्यानंतर आलेल्या चौघींच्या पिशव्या भरल्या, मला मात्र कोणी विचारेना. वैतागून निघणार तेवढ्यात एक आजीबाई आल्या आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "किएन एस ला उल्तिमा?" शेवटची कोण? एका बाईने बोट वर केलं. झालं, आजीबाई खुशाल चीज बघायला निघून गेल्या. म्हणजे रांग होती! आपल्या पुढे कोण आहे एवढं लक्षात ठेवायचं, मग उभं कुठे राहिलात याच्याशी कोणाला देणंघेणं नाही.

पुढच्या शनिवारी मी तयारीने गेले. शेवटचं कोण ते विचारलं, नंबर आला, आणि तोंडातून निघालं, "पुएदो तेनेर मेदियो किलो...", म्हणजे मला अर्धा किलो मिळू शकेल का वगैरे. गाळेवाला हसला. "मिळू शकेल की. पण हवंय का?" नंतर कान देऊन ऐकलं तर सगळ्या जणी सरळ "पोन्मे मेदियो किलो" म्हणत होत्या. अर्धा किलो घाल. त्यात उद्धटपणा काही नाही, आपण "अर्धा किलो द्या" म्हणतो तसंच. माझा घोळ असा होता की मनात मराठी, तिचं आधी इंग्रजी आणि त्या इंग्रजीचं स्पॅनिश असा द्राविडी प्राणायाम चालला होता.

हे स्पॅनिशच्या वर्गात जास्तच जाणवायचं. माझ्या तुकडीतले बरेच जण इंग्रजी बोलणारे. "मे गुस्ता एल काफे" शिकवताना बाईंनी अर्धा तास घालवला: इथे कॉफी हा कर्ता, मी कर्ता नाही, कॉफी मला आवडते. समोरची मंडळी कपाळाला हात लावून बसलेली. आणि मी मनात म्हणतेय, मग काय तर! मला कॉफी आवडते. चतुर्थी आहे साधी. त्या दिवशी वहीत मी इंग्रजी अर्थ लिहिणं बंद केलं. "मे दुएले ला काबेथा": माझं डोकं दुखतं. "किएरो के बेंगा": त्याने यावं असं मला वाटतं. क्रियापदाच्या ज्या सबजंक्टिव्ह रूपाच्या नावाने सगळे थरथरतात, त्याचा निदान हा तुकडा आपल्या विध्यर्थात आयता बसतो. (सगळा बसत नाही. मी तसं समजून चाचणीत तोंडावर आपटले.) उच्चारांतही त आणि द आपले दंत्य, त्यामुळे निम्मी लढाई तिथेच जिंकलेली. फक्त 'व्ही' दिसला की ओठ मिटून 'ब' म्हणायचं हे जिभेला पटायला नोव्हेंबर उजाडला.

'सेर' आणि 'एस्तार'ने मात्र पुरतं नाचवलं. दोन्हींचा अर्थ 'असणे', पण ढोबळमानाने 'सेर' स्वभावासाठी आणि 'एस्तार' त्या वेळच्या अवस्थेसाठी. एका मैत्रिणीला मी प्लाथा मायोर या मुख्य चौकात, घड्याळाखाली, म्हणजे अख्खं गाव जिथे भेटायचं ठरवतं तिथेच, ठणकावून सांगितलं, "सोय आबुर्रिदा." मला म्हणायचं होतं कंटाळा आलाय. 'सोय' हे 'सेर'चं रूप, त्यामुळे म्हणाले ते, मी कंटाळवाणी आहे. ती म्हणाली, "तसं अजून वाटलं नाही, पण बघू."

गावाबद्दल थोडं सांगायलाच हवं. विद्यापीठ 1218 सालचं, त्यामुळे इथे परदेशी विद्यार्थ्याचं कोणाला कौतुक नाही, आणि ते बरंच आहे. जुन्या इमारती जवळच्या बियामायोर गावच्या दगडाच्या, संध्याकाळी मधासारख्या दिसतात. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक कोरलाय, तो कोणी न दाखवता सापडला तर परीक्षा पास म्हणे. मला दाखवावा लागला.

खरी गंमत घड्याळाची. स्पेनचा बहुतेक भाग ग्रीनविचच्या रेषेच्या पश्चिमेला, पण 1940 पासून घड्याळ मध्य युरोपचं. जानेवारीत नऊच्या तासाला निघताना नुकतंच उजाडलेलं, आणि जूनमध्ये रात्रीचे पावणेदहा वाजले तरी ऊन रेंगाळतंय. जेवण अडीचला, रात्रीचं साडेनऊला, आणि मधे दोन ते पाच बरीच दुकानं बंद. पहिला महिना मी नेमकी तीन वाजता वही घ्यायला बाहेर पडत असे.

मी एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या घरी खोली घेतलीय. त्यांना पहिल्या दिवसापासून 'उस्तेद', म्हणजे तुम्ही, म्हणत होते. चौथ्या दिवशी त्यांनी चमचा खाली ठेवला. "मला इतकी म्हातारी करू नकोस, मुली. तू म्हण." आजीच्या वयाच्या बाईला अरेतुरे! इथे मराठीच आडवी आली. अजूनही घाईत असले की उस्तेद निसटतं.

ग्लास फुटला तोही त्यांच्याच स्वयंपाकघरात. मी घाबरून म्हणाले, "एर्रोतो एल बासो", मी ग्लास फोडला. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "फोडलास? का गं, कोणावर रागावलीस?" मग काचा गोळा करता करता शिकवलं: "से मे आ काईदो." आपल्या भाषेत सांगायचं तर, माझ्या हातून पडला. त्यातला एवढासा 'मे' म्हणजे आपलं 'माझ्या हातून'. ओल्या फडक्याने फरशी पुसताना मी ते वाक्य दहादा घोकलं. बाईंना वाटलं, मला ग्लासचं फार वाईट वाटतंय.

कागदपत्रांबद्दल कमी बोललेलं बरं. महिनाभराच्या आत राहण्याच्या कार्डासाठी अर्ज, त्यासाठी आधी वेळ घ्यायची, वेळ मिळत नाही, वगैरे. पण आडनावाचा किस्सा ऐका. इथे माणसाला दोन आडनावं, सहसा आधी वडिलांचं, मग आईचं. एके ठिकाणी नाव नोंदवताना खिडकीमागच्या माणसाने माझं मधलं नाव बघून विचारलं, हे काय? मी म्हटलं, वडिलांचं. "म्हणजे पहिलं आडनाव," असं म्हणून त्याने बाबांचं नाव त्या चौकटीत टाकलंसुद्धा. मी समजवायला तोंड उघडलं, पण मागे बरीच माणसं होती आणि माझं स्पॅनिश संपलं होतं.

मागच्या आठवड्यात ताप आला म्हणून दवाखान्यात गेले. दारातूनच विचारलं, "किएन एस एल उल्तिमो?" कोपऱ्यातल्या आजोबांनी पेपरमधून बोट वर केलं. मी निवांत खिडकीशी जाऊन बसले. अर्ध्या तासाने आतून बाबांच्या नावाचा पुकारा झाला आणि मी उठले.