ड्युअर म्हणजे परका

आमच्या प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजन ज्या भांड्यात ठेवतात, त्याला सगळे नुसतं ‘ड्युअर’ म्हणतात. जेम्स ड्युअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ साली ते भांडं बनवलं. आपल्या घरातला थर्मास त्याचाच धाकटा भाऊ. एडिंबराला आल्यापासून मी हे आडनाव रोज उच्चारत होते, पण त्याचा अर्थ कळला तो चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात.

तिथे काचेमागे सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीने मढवलेलं, काठीच्या मुठीसारखं वळलेलं एक शीर्ष आहे. आठव्या शतकातले संत फिलन यांच्या दंडाचं, म्हणजे हातातल्या धर्मकाठीचं ते टोक. नाव क्विग्रिच. वरचं वेष्टन नंतरच्या काळातलं. आत त्याहून जुनं काशाचं शीर्ष निघालं, तेही शेजारीच ठेवलंय. या दंडाचा पिढीजात राखणदार म्हणजे ड्युअर. म्हणजे हे आडनाव मुळात एका कामाचं नाव.

स्कॉटलंडमधल्या गेलिक भाषेतला मूळ शब्द ‘ज्योरघ’सारखा उच्चारतात. त्याचा अर्थ परका, भटका, यात्रेकरू. संताची वस्तू घेऊन गावोगाव फिरणारा, म्हणून हे नाव. गंमत म्हणजे क्विग्रिच या शब्दाचा अर्थही परकाच!

फिरायचं कशासाठी? १४२८ साली ग्लेन डॉखर्ट खोऱ्यात पंच बसले आणि ड्युअरचे हक्क आणि कर्तव्यं नोंदवून ठेवली गेली. ती नोंद वाचताना मी पार गुंतून गेले. खोऱ्यातल्या कुणाची गुरं चोरीला गेली आणि चोराच्या मागे जायची त्याची छाती झाली नाही, तर त्याने ड्युअरला चार पेन्स किंवा जोड्यांचा एक जोड द्यायचा, वर पहिल्या रात्रीचं जेवण. मग ड्युअरने स्कॉटलंडच्या राज्यात गुरं जिथे असतील तिथवर माग काढत जायचं. पायातले जोडे आणि एका रात्रीची शिदोरी! वाट किती लांबची असेल, याचा अंदाज या दोन वस्तूंवरूनच येतो. या सेवेबद्दल जमीन कसणाऱ्यांनी त्याला दरवर्षी ठरलेलं पीठ द्यायचं. आपल्याकडे याला बलुतं म्हटलं असतं.

१४८७ मध्ये राजा तिसरा जेम्स याने पत्र देऊन या घराण्याचा हक्क कायम केला. राजा रॉबर्ट ब्रूसच्या काळापासून आणि त्याही आधीपासून दंड यांच्याकडेच आहे, असं पत्रात लिहिलंय. अशी वतनाची सनद मराठी माणसाला लगेच ओळखीची वाटते. मी माहेरची कुलकर्णी. आमच्या घरात कितीतरी पिढ्या कुणी गावचं दप्तर सांभाळलेलं नाही, तरी आडनाव दप्तराचंच आहे. ड्युअरांचंही तसंच. स्कॉटलंडमधल्या पर्थमध्ये १८४६ साली व्हिस्कीचा धंदा उभारणारा जॉन ड्युअर याच आडनावाचा.

दंडाचा पुढचा प्रवास मात्र मला चटका लावून गेला. १८१८ साली त्याचा राखणदार आर्चिबाल्ड ड्युअर कॅनडाला गेला, आणि जाताना क्विग्रिच सोबत घेऊन गेला. संत गेले, धर्मपंथ बदलला, जमीन सुटली, गाव सुटलं, तरी राखण सुटली नाही. तिकडे स्थायिक झालेले हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक, आजारी गुरांसाठी या दंडाने शिवलेलं पाणी घेऊन जात. देश सोडताना सामानात काय घ्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हा हिशोब मीही केलाय. आजीची तांब्याची पळी मी बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणली, म्हणून तो माणूस मला फार जवळचा वाटला.

१८७७ मध्ये त्याच्या वंशजाने दंड स्कॉटलंडला परत पाठवला. मी गेले तेव्हा काचेसमोर एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन उभे होते. पोराने काचेवर तळहात टेकला. आजोबांनी तो काढला नाही.