काळी पानंच बरी होती

ऑक्टोबरचं ऊन पडलं की गाद्या-रजया गच्चीत जातात, आणि एखाद्या निवांत दुपारी त्यांच्या जोडीनं अल्बमही बाहेर निघतात. पान उलटताना चर्र असा आवाज आला की समजावं, हा ऐंशीच्या दशकाच्या आसपासचा ऐवज. पुठ्ठ्याच्या पानावर गोंदाच्या रेघा, वर पारदर्शक प्लॅस्टिक. फोटो ठेवा, हात फिरवा, झालं काम. लग्नात असा अल्बम आहेर म्हणून आला की लोक वळून बघायचे.

त्याच्या आधीचा अल्बम अगदीच साधा. जाड काळा कागद, फोटोच्या चार कोपऱ्यांना चार कागदी टोप्या आणि दोन पानांमध्ये कोळिष्टकाची नक्षी उठवलेला झुळझुळीत पातळ कागद. या साध्या अल्बममधले फोटो अजून बरेचसे धड आहेत आणि भारीतल्या अल्बममधले पिवळे पडलेत, याला न्याय म्हणावा की काय कोण जाणे. टोप्यांमुळे फोटोला गोंद शिवतच नाही. चिकट पानातला गोंद मात्र वर्षागणिक पिवळा आणि आम्लधर्मी होत जातो, फोटोच्या पाठीत मुरतो. वरचं प्लॅस्टिक पीव्हीसीचं असेल तर तेही आपली रसायनं सोडत बसतं.

हे फोटो नखानं उचकटू नयेत. आधी पानासकट स्कॅन करावं, मग सोडवायला बसावं. दातांत घालायचा फ्लॉस घ्यायचा, पण बिनवासाचा, पुदिन्याचा नको. तो कोपऱ्याखाली सरकवून, दोन्ही हातांत ताणून, हलके हलके मागेपुढे करत न्यायचा. या सगळ्यात फोटो वाकता कामा नये. वाकला की वरच्या थराला तडा जातो आणि तो पुन्हा बुजत नाही. गोंद फारच घट्ट असेल तर पानाच्या मागून हेअर ड्रायरची अगदी कमी ऊब, काही सेकंद. तरीही हलत नसेल तर हट्ट सोडावा आणि फोटोभोवतीचं पान कापून तसाच ठेवावा.

कृष्णधवल फोटो म्हणजे जिलेटिनच्या थरात बसवलेले चांदीचे कण. जिलेटिन दमट हवेत पाणी ओढतं, फुगतं, चिकट होतं. भिंतीवरच्या फ्रेममधले आजोबा काचेला चिकटतात ते त्यामुळेच. त्यांना ओढून काढलं तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकटच स्कॅन करावेत. नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, घालून घ्यावी; फ्रेमवाला ‘कशाला उगाच’ म्हणेल, ऐकू नये. गठ्ठ्याला रबरबँडही नको. त्यात गंधक असतं, आणि चांदीचं न् गंधकाचं काय नातं आहे ते देवघरातली निरांजनं घासणाऱ्याला सांगायला नको. फोटोच्या कडेला निळसर आरशासारखी चकाकी दिसते तीही वर आलेली चांदीच. धूळ समजून ती पुसायला जाऊ नये.

स्कॅनिंगला बसलं की सगळे पणजोबांपासून सुरुवात करतात. मान म्हणून ठीक, पण घाई खरी रंगीत फोटोंची आहे. त्यात चांदी उरलेली नसते, नुसते रंग असतात आणि ते कपाटाच्या अंधारातही उडतात. जुन्या कागदांवर बहुधा निळसर हिरवा आधी जातो, म्हणून सत्तरीतली लग्नं आता लालभडक दिसतात. पणजोबा आणखी दहा वर्षं थांबतील, आत्याचा शालू थांबणार नाही. ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पुरे. चार बाय सहाच्या फोटोचे त्यात २४०० बाय ३६०० पिक्सेल येतात.

ठेवायची जागा म्हणाल तर माळा नको, न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको. हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी असं शास्त्र सांगतं. जुलै महिन्यात हे रत्नागिरीत कुणाला सांगून बघा! तिथं झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढंच हातात. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. डांबरगोळ्या कपड्यांपुरत्या ठेवाव्यात, फोटोंत घालू नयेत. प्लॅस्टिकची पाकिटं घ्यायची तर तळाशी त्रिकोणातला आकडा बघावा. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, चालेल. ३ म्हणजे पीव्हीसी, परत द्यावं. बुरशीचा पांढुरका थर दिसला तर ओलं फडकं अजिबात नको. फोटो कोरडा होऊ द्यावा, मग उघड्यावर मऊ ब्रशनं झटकावा, नाकाला फडकं बांधून.

राहता राहिली नावं. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहिलं की पुढे चेहऱ्यावर वळ उठतो. मऊ शिसपेन्सिल घ्यावी, तीही कडेला. गुळगुळीत कागदावर ती उमटत नाही, तिथं पाकिटावर आधी लिहावं आणि फोटो मग आत घालावा. आणि कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव लिहावं, गाव आणि साल टाकून. ‘चि. बाळ, मुंजीच्या वेळी’ एवढ्यावर भागत नाही. बाळ घरटी एक निघतो, नाना तर दोन.